चौल बंदरीं एकटा प्रवासी

कोंकणांतील चौल हें फार पुरातन बंदर होय. अरब लोक त्यास सैमूर म्हणत. सुमारें १४६९ सालीं येथें रशियांतील त्वेर नगरचा एक व्यापारी उतरला. त्याचें नांव अफनासी निकितिन. वास्को द गामा कालिकतास पोहोंचला तो १४९८ सालीं. त्यापूर्वीं सुमारें तीस वर्षें हा गृहस्थ सैन्यावांचून व राजाश्रयावांचून आला होता.

व्होल्गा नदीच्या मुखाजवळ लुटारूंनीं त्याचा माल नेला. तरी इराणमार्गें होर्मुझ गांठून, एक घोडा बरोबर घेऊन, तो जहाजावर चढला. घोडाच कां? दख्खनच्या हवेंत उत्तम घोडे निपजत नसत. बहामनी सुलतानांच्या फौजेस ते समुद्रापलीकडून आणावे लागत. त्या सुलतानांची राजधानी आपल्या मराठवाड्याशेजारचें बीदर, आणि चौल हें त्या व्यापाराचें एक द्वार.

चौलास लोक उघड्या डोक्यानें हिंडतात, केसांची एक वेणी घालतात, असें त्यानें टिपून ठेविलें. तो जाई तेथें गोऱ्या माणसाच्या नवलानें लोक त्याच्या मागें चालत. पाहावयास आलेला स्वतःच प्रेक्षणीय झाला!

पुढें जुन्नरास तेथील अधिकाऱ्यानें त्याचा घोडा हिरावून घेतला; इस्लाम स्वीकारशील तर घोडा व हजार मोहरा देईन, न स्वीकारशील तर तुजकडूनच हजार घेईन, असें बजावून चार दिवसांची मुदत दिली. तेव्हां मध्यस्थी करून घोडा परत मिळवून दिला तो महंमद नामक एका खुरासानी मुसलमानानेंच. धर्मग्रंथ लुटले गेल्यामुळें निकितिनास सणांच्या तिथीही अदमासानें धराव्या लागत. तरी त्यानें आपला धर्म सोडिला नाहीं. येथील हिंदूंनींही विश्वासानें आपले आचार, व्यापार व उपासना त्यास सांगितल्या.

दाभोळहून जहाजानें तो परत निघाला. परंतु स्मोलेन्स्कला पोहोंचण्यापूर्वींच वारला. त्याची टिपणवही मात्र मॉस्कोस पोहोंचली. आज चौलानजीक रेवदंड्यास त्याचें स्मारक आहे.

विद्यार्थिमित्रहो, एकट्या प्रवाशाची शिदोरी म्हणजे उघडे डोळे, खरें लिहिणारी लेखणी आणि परक्यांचा सद्भाव. पहिल्या दोन आपण मिळवाव्या; तिसरी मात्र आपल्या गांवीं येणाऱ्या प्रत्येक परक्यास आपणच द्यावयाची असते.