निर्दोष सामना आणि होतकरू खेळाडू

बेसबॉल हा अमेरिकेचा व जपानचा अत्यंत आवडता खेळ. आपल्याकडील क्रिकेटच्या प्रेक्षकास तो प्रथमदर्शनीं परका वाटला, तरी चेंडू टाकणारा आणि तो टोलविणारा यांचें द्वंद्व हाच दोन्ही खेळांचा गाभा आहे. भेद असा कीं, क्रिकेटमध्यें षटक संपलें म्हणजे गोलंदाजास विसावा मिळतो व दुसरा गोलंदाज पुढें येतो. बेसबॉलमध्यें चेंडू फेकणारा, ज्यास तिकडे पिचर म्हणतात, तो सुमारें साठ फुटांवरील फलंदाजाशीं एकटाच झुंजत राहतो. प्रत्येक संघाचे नऊ डाव होतात आणि तीन गडी बाद झाले कीं एक डाव संपतो. म्हणजे सामना तडीस न्यावयाचा तर पिचरला २७ गडी बाद करावे लागतात.

हे २७ गडी ओळीनें बाद झाले आणि त्यांतील एकासही पहिल्या तळापर्यंत पोंचतां आलें नाहीं, तर त्यास ‘परफेक्ट गेम’ म्हणतात. मराठींत त्यास निर्दोष सामना म्हणावयास हरकत नाहीं. येथें ‘निर्दोष’ या शब्दाचा अर्थ मात्र फार कडक आहे. फलंदाजानें चेंडू टोलवून पहिला तळ गांठला, चार चेंडू नेमाबाहेर गेल्यामुळें त्यास फुकट वाट मिळाली, चेंडू त्याच्या अंगास लागला, किंवा एखाद्या सहकाऱ्याच्या गफलतीमुळें तो तळावर पोंचला, यांपैकीं कोणतीही एक गोष्ट एकदां जरी घडली तरी सारें संपलें. सामना जिंकतां येईल, पण तो निर्दोष राहणार नाहीं.

अमेरिकेच्या प्रमुख लीगमध्यें १८७६ पासून दोन लाखांहून अधिक सामने झाले. त्यांत २०२३ अखेर निर्दोष सामने अवघे २४. पहिले दोन १८८० च्या जून महिन्यांत पांच दिवसांच्या अंतरानें झाले; चोविसावा २८ जून २०२३ रोजीं न्यूयॉर्क यँकीजच्या डोमिंगो हर्मान यानें पुरा केला. एकाही पिचरला हें दोनदां साधलेलें नाहीं. याचें कारण साध्या गुणाकारानें कळतें. चारांपैकीं तीन फलंदाज बाद करणारा पिचर उत्तम समजला जातो. तथापि तीन चतुर्थांश ही संख्या २७ वेळां घेऊन गुणाकार केला, तर उत्तर सुमारें २,४०० मध्यें एक इतकें येतें. असा पिचर वर्षाकांठीं तीसेक सामन्यांत उतरतो असें धरलें, तर या हिशेबानें एक निर्दोष सामना साधण्यास त्याला ऐंशी वर्षें लागावीं! कौशल्याच्या जोडीला योगाचा वाटा त्यांत किती मोठा असतो, हें यावरून ध्यानांत येईल.

शिवाय हें यश एकट्याच्या हातचें नसतें. २ जून २०१० रोजीं डेट्रॉइट टायगर्सच्या आर्मांडो गालारागा यानें क्लीव्हलँडचे २६ फलंदाज ओळीनें बाद केले. सत्ताविसावाही तळावर पोंचण्यापूर्वीं बाद झाला होता. परंतु पंच जिम जॉइस यांनीं त्यास नाबाद ठरविलें. सामन्यानंतर चित्रफीत पाहतांच जॉइस यांनीं आपली चूक जाहीरपणें कबूल केली. दुसऱ्या दिवशीं संघाच्या नांवांची यादी पंचांच्या हातीं देण्यास गालारागा स्वतः मैदानावर आला आणि जॉइस यांनीं डोळे पुसत ती घेतली. निर्णय बदलला नाहीं. नोंदवहींत तो सामना निर्दोष नाहीं. आणि तरीही त्या संध्याकाळीं गालारागाच्या हातून चूक अशी एकही झाली नव्हती.

अशा सामन्याचें दडपण कसें असतें, तें संघाच्या बाकावर पाहावें. पांच-सहा डाव निर्दोष गेले कीं पिचरशीं कोणी बोलत नाहीं, त्याच्या शेजारीं कोणी बसत नाहीं. दृष्ट लागूं नये म्हणून आपल्याकडे चांगल्या गोष्टीचा उच्चार टाळतात, तसाच हा प्रकार. ८ ऑक्टोबर १९५६ रोजीं ‘वर्ल्ड सिरीज’ या अंतिम मालिकेंत यँकीजचा डॉन लार्सेन ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध खेळत होता. त्यानेंच न राहवून विषय काढला, तेव्हां त्याचा सहकारी मिकी मँटल मुकाट्यानें दूर निघून गेला, असें सांगतात. लार्सेननें सामना निर्दोष पुरा केला. त्या मालिकेच्या इतिहासांत असा सामना तो एकच. हाच लार्सेन १९५४ सालीं २१ सामने हरला होता, आणि तीनच दिवसांपूर्वीं याच मालिकेंत त्यास दोन डावही पुरे करतां आले नव्हते. त्याच्याकडून कोणी एवढी अपेक्षा केलेली नव्हती, हेंच कदाचित् त्याचें भाग्य.

होतकरू खेळाडूस हें भाग्य लाभत नाहीं. अमेरिकेंत दरवर्षीं संघ नवोदितांची क्रमानें निवड करतात. ज्याचें नांव आधीं पुकारलें जातें, त्याच्यावर पैसा आणि आशा दोन्ही अधिक लागतात. २००४ सालीं तिसरेंच नांव फिलिप हंबर याचें निघालें आणि न्यूयॉर्क मेट्सनें त्यास घेतलें. पुढच्याच वर्षीं त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. नंतर या संघांतून त्या संघांत फिरत तो शिकागो व्हाइट सॉक्समध्यें आला. २१ एप्रिल २०१२ रोजीं सिएटल येथें त्यानें ९६ चेंडूंत निर्दोष सामना पुरा केला. पहिल्या डावापासून अखेरपर्यंत टिकून सामना तडीस नेण्याची प्रमुख लीगमधील त्याची ती पहिलीच वेळ. शेवटचा चेंडू तर नेमाबाहेरच गेला होता. परंतु फलंदाजाची बॅट पुढें आली, असें पंचांनीं ठरविलें. गालारागाचा सामना पंचांच्या एका निर्णयानें गेला. हंबरचा एका निर्णयानें पुरा झाला.

पांच दिवसांनीं तोच हंबर बॉस्टनविरुद्ध उतरला आणि पांच डावांत त्याच्यावर नऊ धांवा झाल्या. आतां त्याचा प्रत्येक सामना त्या एका दिवसाशीं ताडून पाहिला जाऊं लागला, आणि तो स्वतःही तसाच पाहूं लागला. त्या उन्हाळ्यांत कोपराच्या दुखण्यानेंही त्यास गांठलें. वर्षाअखेर संघानें त्यास सोडलें. २०१३ मध्यें ह्यूस्टनकडून खेळतांना तो आठ सामने हरला व एकही जिंकूं शकला नाहीं. प्रमुख लीगमध्यें त्यानें एकूण सोळा सामने जिंकले. निर्दोष सामना पुऱ्या करणाऱ्या चोवीस जणांत इतके थोडे विजय दुसऱ्या कोणाच्याच नांवावर नाहींत. सारा दोष त्या दिवसाकडे देणें योग्य होणार नाहीं, कारण हाताचें दुखणें जुनें होतें. परंतु एका दिवसाचें पीक रोजच्या मोजणीचें माप झालें, हें खरें.

जपानांत मात्र एका होतकरू मुलाच्या बाबतींत वडीलधाऱ्यांनीं निराळी वाट धरली. रोकी सासाकी हा इवाते प्रांतांतील रिकुझेनताकाता गांवचा. ११ मार्च २०११ च्या त्सुनामींत त्याचे वडील व आजी-आजोबा गेले, तेव्हां तो नऊ वर्षांचा होता. शाळेंत असतांनाच, एप्रिल २०१९ मध्यें, त्याच्या चेंडूचा वेग ताशीं १६३ किलोमीटर भरला. त्याच जुलै महिन्यांत त्याची ओफुनातो शाळा प्रांताच्या अंतिम सामन्यांत पोंचली. कोशिएनची राष्ट्रीय शालेय स्पर्धा म्हणजे जपानचा उन्हाळी उत्सवच. आणि तेथें जाण्यास एवढा एकच विजय उरला होता. परंतु सासाकीनें आदल्याच दिवशीं १२९ चेंडू फेकले होते. त्याच्या शिक्षकानें अंतिम सामन्यांत त्यास उतरविलेंच नाहीं. शाळा १२–२ अशी हरली आणि शिक्षकावर टीकेचा भडिमार झाला.

पुढें चिबा लोट्टे मरीन्स संघानें त्यास घेतलें, पण २०२० चें सबंध वर्ष एकाही सामन्यांत खेळविलें नाहीं. शरीर भरूं दिलें. १० एप्रिल २०२२ रोजीं, विसाव्या वर्षीं, त्यानें ओरिक्सविरुद्ध निर्दोष सामना पुरा केला. त्यांत ओळीनें तेरा फलंदाज त्यानें चकवून बाद केले. जपानच्या व्यावसायिक स्पर्धांत असा सामना २८ वर्षांत झाला नव्हता. आठच दिवसांत, १७ एप्रिलला, पुढच्या सामन्यांत तो पुन्हा आठ डाव निर्दोष राहिला. लागोपाठ दोन निर्दोष सामने जपान वा अमेरिकेच्या प्रमुख स्पर्धांत कोणाच्याही नांवावर नाहींत. तो मान तीन गड्यांवर आला होता. परंतु त्याचे १०२ चेंडू झाले होते. व्यवस्थापक तादाहितो इगुची यांनीं त्यास बाहेर घेतलें. दोन्ही संघांची धांव तोंवर झालेली नव्हती. दहाव्या डावांत मरीन्सचा १–० असा पराभव झाला.

या काळजीनें सारीं दुखणीं टळलीं असें नाहीं. २०२५ मध्यें सासाकी लॉस एंजेलिस डॉजर्समध्यें गेला आणि खांद्याच्या दुखण्यामुळें त्यास कित्येक महिने बाहेर बसावें लागलें. इगुची यांनाही त्याची खात्री कोणी दिलेली नव्हती. सत्ताविसावा गडी बाद होईल कीं नाहीं, हें पिचर, पंच व सहकारी यांपैकीं कोणाच्याच पुरतें हातीं नसतें. वीस वर्षांच्या मुलानें एका आठवड्यांत किती चेंडू फेकावेत, हें मात्र वडीलधाऱ्यांच्या हातीं असतें. ओफुनातोच्या शिक्षकानें आणि चिबाच्या व्यवस्थापकानें तेवढेंच आपल्या हातीं घेतलें, आणि दोन्ही वेळां पराभव पत्करला.