रांजण कुणाचा?

१९६३ साली तोक्योच्या शिनकावा भागात एका तेल कंपनीच्या मुख्य इमारतीचं बांधकाम निघालं आणि पायाच्या मातीतून सोनं वर आलं. सुमारे १,९०० कोबान, म्हणजे एदो काळातली लंबगोल, पत्र्यासारखी पातळ सोन्याची नाणी, आणि त्यांच्या जोडीला जवळजवळ ७८ हजार छोटी चौकोनी नाणी. शिनकावा ही जुन्या काळी साकेच्या, म्हणजे तांदळाच्या मद्याच्या, घाऊक व्यापाऱ्यांची पेठ. ज्या जागेत हे धन सापडलं तिथे काजिमा नावाच्या बड्या व्यापारी घराण्याचा वाडा होता. चौकशी झाली, मालकी सिद्ध झाली आणि पूर्वजांनी पुरलेलं धन वंशजांच्या हाती आलं.

त्याआधी सात वर्षं, १९५६ मध्ये, गिंझातल्या एका दुकानाच्या बांधकामात २०८ कोबान आणि ६० लहान सुवर्णनाणी निघाली होती. त्यांचा मालक मात्र सापडला नाही. ती आज तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

आपल्याकडे पडक्या वाड्यातल्या गुप्तधनाच्या गोष्टींत नाग असतो, नरबळी असतो, क्वचित शापही असतो. जपानी कायद्याच्या लेखी मात्र पुरलेलं धन ही आधी हरवलेली वस्तू असते. मालक ठाऊक नसेल तर ती पोलिसांकडे जमा करायची. वस्तू पुरातन वाटली तर पोलीस ती तपासणीसाठी स्थानिक शिक्षण मंडळाकडे पाठवतात. ती सांस्कृतिक ठेवा ठरली आणि मालक मिळाला नाही, तर ती प्रांताच्या मालकीची होते; शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला मोबदला मिळतो. भारतातही १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे, पण किती जणांना हे ठाऊक असतं?

मग मेटल डिटेक्टर घेऊन जुन्या घरांच्या जोत्यांवर फिरणाऱ्या हौशी माणसाचं जपानमध्ये काय होतं? इंग्लंडात हा छंद जोरात आहे. २००९ मध्ये स्टॅफर्डशरच्या शेतात अँग्लो-सॅक्सन सोन्याचा प्रचंड साठा सापडला, तो अशाच एका हौशी माणसाला. जपानमध्ये ही वाट अरुंद आहे. देशात जमिनीखालच्या अवशेषांची सुमारे ४ लाख ६० हजार ज्ञात ठिकाणं नोंदलेली आहेत. पुरातन अवशेष शोधण्यासाठी खणायचं तर १९५० च्या सांस्कृतिक ठेवा संरक्षण कायद्यानुसार तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते. नोंदलेल्या ठिकाणी घर किंवा कारखाना बांधणाऱ्यालाही साठ दिवस आधी कळवावं लागतं.

हा जाच वाटू शकतो, पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. डिटेक्टरच्या वेटोळ्यातून निघणारं बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीतल्या धातूत सूक्ष्म प्रवाह निर्माण करतं. त्या प्रवाहाचं उलट येणारं क्षेत्र यंत्र टिपतं आणि आवाज करतं. एकटं नाणं साधारण वीतभर खोलीपर्यंत कळतं. त्याच्या शेजारचं कुजलेलं लाकूड, मातीचा बदललेला रंग, खापराचा तुकडा यांबद्दल यंत्र गप्पच राहतं. घाईने नाणं उपसणारा माणूस हे सगळं कायमचं पुसून टाकतो.

साइतामा प्रांतातल्या हासुदा इथलं उदाहरण पाहावं. रस्त्याच्या कामाआधी एका मध्ययुगीन सामुराई वाड्याच्या जागेवर रीतसर उत्खनन झालं आणि नाण्यांनी काठोकाठ भरलेला मोठा रांजण मिळाला. २०१८ मध्ये ही बातमी जाहीर झाली. नाण्यांबरोबर एक लाकडी पट्टी होती आणि तिच्यावर शाईने लिहिलं होतं: दोनशे साठ. ही संख्या दोरीत ओवलेल्या नाण्यांच्या माळांची मानली आणि एका माळेत साधारण हजार नाणी धरली, तर आकडा २ लाख ६० हजारांच्या घरात जातो. कुदळीच्या एका घावात ती पट्टी मातीमोल झाली असती आणि हा हिशोबही गेला असता.

अशी नाणी बहुतेक चिनी असतात. जपानी दरबाराने दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाणी पाडणं थांबवलं, ते थेट सतराव्या शतकापर्यंत. मधल्या काळात बाजार चालला तो समुद्रापारहून आलेल्या तांब्याच्या नाण्यांवर. हाकोदातेजवळच्या शिनोरी किल्ल्यापाशी १९६८ मध्ये तीन रांजणांतून ३ लाख ७४ हजारांहून अधिक नाणी मिळाली. मुख्य भूमीपासून दूर असलेल्या होक्काइदो बेटावरही हा पैसा पोचला होता. ही पुरलेली नाणी म्हणजे लढाईच्या धास्तीने दडवलेली शिल्लक, की भूमिदेवतेला वाहिलेलं दान, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. तो वाद सुटेल तर पुरण्याच्या जागेवरून आणि पद्धतीवरूनच.

डिटेक्टर अभ्यासकांच्या हाती आला की तेच यंत्र वेगळं काम करतं. सामुराई नेता साइगो ताकामोरीच्या १८७७ च्या सरकारविरोधी बंडातल्या रणभूमींवर, कुमामोतो प्रांतातल्या ग्योकुतो परिसरात, डिटेक्टरने गोळ्या आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या शोधून प्रत्येकीची जागा नकाशावर मांडण्यात आली. पुंगळी जिथे पडली तिथे सरकारी सैनिक उभा होता, गोळी जिथे रुतली तिकडे त्याचा नेम होता. बंडखोरांकडचं शिसं संपत आलं तेव्हा त्यांनी लोखंडाच्या गोळ्या ओतल्या, हेही अशाच गोळ्यांवरून दिसतं. या रणभूमींना २०१३ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.