लिस्ट असताना टपल कशाला?

पायथन शिकणाऱ्या एका वाचक विद्यार्थिनीने विचारलंय : लिस्टमध्ये सगळं मावतं, मग टपल आणि डिक्शनरी हव्यात कशाला? ‘टपल वेगवान असतो’ हे उत्तर नेटवर पैशाला पासरी मिळतं. तो मेमरी थोडी कमी खातो, हे खरं. पण रोजच्या प्रोग्रॅममध्ये तो फरक कुणाला जाणवतही नाही. खरं कारण डिक्शनरीत दडलंय.

लिस्टमध्ये एखादं नाव शोधायचं तर पहिल्यापासून एकेक तपासत जावं लागतं. दहा लाख नावं असतील आणि हवं ते शेवटचं निघालं, तर दहा लाख तुलना! डिक्शनरी मात्र बहुतेक वेळा थेट जागेवर जाते. ही युक्ती, म्हणजे हॅशिंग, १९५३ सालची. आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी जानेवारीत एका अंतर्गत टिपणात ती मांडली. (हा गृहस्थ मूळचा कापडधंद्यातला, कापडातले धागे मोजायचं साधनही त्याचंच.)

लून यांची रीत पिनकोडवर चालवून पाहू. ४११००४ च्या जोड्या पाडा : ४१, १०, ०४. प्रत्येक जोडीतले अंक मिळवा, बेरीज दोन अंकी आली तर दशक सोडून द्या. उरले ५, १, ४. म्हणजे ही नोंद ५१४ क्रमांकाच्या कप्प्यात. टपाल कचेरीत पत्रं लावतात तशी. शोधतानाही तीच बेरीज करायची आणि नेमका तोच कप्पा उघडायचा. ४१०१०४ चंही उत्तर ५१४ च येतं. मग त्या कप्प्यात दोन्ही नोंदी साखळीने जोडायच्या, हेही लून यांनीच सुचवलं. आजची सूत्रं याहून कितीतरी गुंतागुंतीची आहेत, पण कल्पना तीच. क्रेडिट कार्डाचा क्रमांक तपासणाऱ्या सूत्राला लून यांचं नाव आहे. हॅशिंग शिकवताना मात्र ते क्वचितच कुणी घेतं. हे मला खटकतं.

आता समजा, ठेवताना ५१४ मध्ये ठेवलं आणि नंतर मूळ आकडाच कुणी बदलला. नव्या बेरजेने भलताच कप्पा उघडेल आणि नोंद आत असूनही सापडणार नाही. लिस्टमधले घटक कधीही बदलता येतात, म्हणून डिक्शनरीची की (जिच्यावरून नोंद शोधायची ती) लिस्ट दिली, तर पायथन ती साफ नाकारतो. टपल एकदा बनला की त्यातले घटक बदलता येत नाहीत, त्यामुळे तो चालतो. अक्षांश-रेखांशाची जोडी टपलमध्ये बांधून तिच्यासमोर त्या ठिकाणचा पाऊस लिहिता येतो. फक्त टपलच्या पोटात लिस्ट लपवू नका. तो टपलही नाकारला जातो.

तेव्हा वेगाची चिंता बाजूला ठेवा. नोंदी वाढत-घटत राहणार असतील तर लिस्ट, नावाने किंवा क्रमांकाने शोधायच्या असतील तर डिक्शनरी, आणि दोन-तीन गोष्टी मिळून एकच न बदलणारी ओळख होत असेल तर टपल. खात्री हवी असेल तर लिस्टला की करून पाहा आणि येणारा एरर न घाबरता वाचा.