लोकांचा कौल आणि कायद्याची चौकट

तेरेखोल गाव जमिनीने महाराष्ट्राला लागून, कारभाराने मात्र गोव्याच्या पेडणे तालुक्यात. त्यामुळे लोकमत व राज्यघटना यांचे नाते आम्हांस केवळ पुस्तकातून शिकावे लागत नाही.

१९६३ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निवडून आला. हा विजय म्हणजेच विलीनीकरणाचा कौल, असा पक्षाचा दावा होता. परंतु सरकार निवडणे वेगळे आणि प्रदेशाचे भवितव्य ठरविणे वेगळे. म्हणून संसदेने १९६६ मध्ये खास कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा यासाठी बांदोडकर मंत्रिमंडळ पायउतार झाले. १६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणाच्या 'फुला'स १,३८,१७० मते पडली, तर वेगळ्या अस्तित्वाच्या 'दोन पानां'स १,७२,१९१.

आमच्या पेडण्याचा ओढा फुलाकडे होता. तरीही निकाल शिरोधार्य मानला गेला. पुढे त्याच वर्षीच्या निवडणुकीत मतदारांनी बांदोडकरांनाच पुन्हा सत्तेवर बसविले. जनतेने नेत्यास होकार दिला आणि त्याच्या मुख्य मागणीस नकार! तेव्हा नेता म्हणजेच जनता, हे खरे नव्हे. लोकप्रियतेने राज्य करण्याचा अधिकार मिळतो. तो कायद्याच्या चौकटीत राहिला, तरच हरलेल्यांनाही हे राज्य आपलेच वाटते.