विश्लेषण : सोळा पानी प्रश्नावली आणि त्यात नापास झालेली रोझी, ‘द रोझी प्रोजेक्ट’ची प्रेमकथा पटते का?

मेलबर्नच्या एका विद्यापीठात जनुकशास्त्र शिकवणारा डॉन टिलमन लग्नासाठी सोळा पानांची प्रश्नावली तयार करतो. सिगारेट ओढणारी नको, दारू पिणारी नको, वेळ न पाळणारी तर नकोच. आपल्याकडे लग्नाच्या अ‍ॅपवर लोक फिल्टर लावतात, तसाच हा प्रकार. फक्त जास्त काटेकोर. आणि मग त्याच्या केबिनमध्ये रोझी येते. ती बारमध्ये काम करते, सिगारेट ओढते, वेळेच्या बाबतीत आनंदच आहे. तिला लग्न करायचंच नाहीये, तिला स्वतःचे जन्मदाते वडील शोधायचे आहेत.

ऑस्ट्रेलियन लेखक ग्रॅमी सिम्सियन यांची ही २०१३ची कादंबरी. लेखनाकडे वळण्याआधी सिम्सियन यांनी अनेक वर्षं आयटी क्षेत्रात डेटा मॉडेलिंगचं काम केलं. ही गोष्ट त्यांनी आधी पटकथा म्हणून लिहिली होती आणि तेव्हा नायिका होती क्लारा, डॉनसारखीच अभ्यासू भौतिकशास्त्रज्ञ. पुढे क्लारा गेली आणि रोझी आली.

मग हे दोघं जवळ येतात कसे?

पहिल्याच भेटीत दोघांना रेस्टॉरंटमधून बाहेर पडावं लागतं, कारण जॅकेट म्हणजे नेमकं काय यावर डॉन तिथे वाद घालतो. जेवण त्याच्या घरी करायचं ठरतं, पण तोवर त्याचं वेळापत्रक कोलमडलेलं असतं. इथे रोझी सरळ भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागे फिरवते. संध्याकाळचे सहा वाजले, आता कर स्वयंपाक! डॉनला हे पटतं, कारण त्याच्या लेखी हा फक्त वेगळा टाइम झोन असतो. ती त्याची चेष्टा करत नाही आणि नियम सोड असंही म्हणत नाही. त्याच्याच नियमात बसणारी पळवाट काढते. मला विचाराल तर प्रेम इथेच सुरू होतं, दोघांनाही पत्ता नसताना.

पुढे वडिलांच्या शोधासाठी डीएनए नमुने गोळा करायला डॉन एका पार्टीत बारटेंडर होतो. त्यासाठी कॉकटेलचं पुस्तक पाठ करतो आणि सगळ्यांची मनं जिंकतो. एरवी ज्या स्वभावामुळे लोक त्याला टाळतात, तोच इथे कामी येतो. भिन्न स्वभावांची जोडी जुळते ती अशा प्रसंगांमुळे.

कुठे कमी पडते?

शेवटाकडे. (कादंबरी वाचायची असेल तर हा परिच्छेद सोडा.) रोझीला मिळवण्यासाठी डॉन रोमँटिक सिनेमांचा अभ्यास करतो, कपडे बदलतो, वेळापत्रक सैल करतो. हे वाचायला मजेशीर आहे, पण बदलायचं सगळं त्यानेच का, हा प्रश्न उरतो. डॉन ऑटिझमच्या वर्णपटावर असावा असं कादंबरी सुचवते, थेट म्हणत मात्र नाही. त्यामुळे हा प्रश्न जास्तच टोचतो. शिवाय निवेदन पूर्णपणे डॉनचं. रोझीला तो का आवडला, हे आपल्याला त्याच्या तर्कातून ओळखावं लागतं.

लग्नानंतरची गोष्ट २०१४च्या ‘द रोझी इफेक्ट’मध्ये आहे. न्यूयॉर्कमध्ये रोझी गरोदर राहते आणि डॉन तिच्या आहाराचा तक्ता करायला बसतो.