रील जाहिरात कधी ठरते? कुंभारीच्या वसाहतीतील तरुणांसाठी थोडा कायदा

सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने निघालो की कुंभारी लागते. कॉ. गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांसाठी उभी राहिलेली दहा हजार घरांची वसाहत इथलीच. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. शेजारच्या रे नगरमधील १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना मिळाली. आई विड्या वळते आणि मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर रील बनवते, असे चित्र आता अशा कामगार वसाहतींत नवे राहिलेले नाही. कुणी शेंगा चटणी विकते, कुणी भीमजयंतीचे टी-शर्ट, कुणी चादरी. फॉलोअर वाढले की दुकानदार स्वतःहून 'आमची पण एक रील कर' म्हणतो. कायदा इथूनच सुरू होतो, आणि आपल्या तरुणांना हे कुणी सांगत नाही.

आधी विडीचेच पाहू. आईच्या सुपातली पाने, तिची बोटे, तिची मजुरी दाखवणारी रील म्हणजे कामगाराच्या जगण्याची नोंद. ती बेधडक करा. पण त्याच रीलमध्ये एखाद्या कारखान्याचे बंडल लेबलसह समोर धरून 'आपल्या सोलापूरची विडी, एकदा ओढून बघा' म्हटले, की ती जाहिरात झाली. तंबाखूविषयीच्या २००३ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम ५ नुसार तंबाखूजन्य पदार्थाच्या जाहिरातीत भाग घेणेही गुन्हा आहे. विडी त्या यादीत आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मालकाने पैसे दिले नाहीत, हा बचाव होत नाही.

बाकी वस्तूंना २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत वस्तूची शिफारस करणाऱ्यालाही त्याने जबाबदार धरले आहे. पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत, शिवाय जाहिरात करण्यास पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत बंदी. हा नियम फक्त सिनेनटांसाठी आहे असा समज दिसतो. तसे नाही. पैसे, फुकट वस्तू, सवलत, हॉटेलातले जेवण, काहीही घेतले असेल तर ते सांगावे लागते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या मार्गदर्शिकेनुसार हे सांगणे रीलच्याच भाषेत आणि ठळक हवे. व्हिडिओत ते दिसलेही पाहिजे आणि ऐकूही आले पाहिजे. वीस हॅशटॅगच्या खाली दडवलेला एक शब्द चालत नाही. मराठीत बोलत असाल तर सुरुवातीलाच 'ही सशुल्क जाहिरात आहे' म्हणा. आमच्या मते यात कमीपणा काही नाही. मोबदला लपवणारा माणूस आपल्याच आयाबहिणींना फसवत असतो.

याच कायद्यात एक ढाल आहे, ती फारशी कुणाला माहीत नाही. दाव्याची खातरजमा करण्यासाठी योग्य ती काळजी घेतली होती, हे दाखवता आले तर शिफारस करणाऱ्यावर दंड बसत नाही. म्हणून दुकानदाराने दिलेली माहिती, परवान्याचा फोटो, झालेले बोलणे हे सगळे जपून ठेवा. तोंडी व्यवहार करू नका. व्हॉट्सॲपवर का होईना, रक्कम, मुदत आणि व्हिडिओ कुठे वापरणार हे लिहून घ्या. एका कंपनीकडून वर्षभरात वीस हजारांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू मिळाल्या आणि तुम्ही त्या ठेवून घेतल्या, तर आयकराचा प्रश्नही येतो.

पैसे लावून खेळायच्या ॲपची 'ऑफर' मोठी असते. तिच्यापासून लांब राहा. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने अशा खेळांच्या जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. 'साखर मुळापासून घालवणारे' औषध १९५४ च्या कायद्यात अडकते. चमत्काराचा ताईत महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अडकतो, कारण त्यात प्रचार करणेही गुन्हा आहे.

मग एखाद्या वस्तूवर टीका केली तर? कंपनीची नोटीस आली की तरुण घाबरून व्हिडिओ काढून टाकतात. एका यूट्यूबरने पॅराशूट खोबरेल तेलावर टीका केली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी जानेवारी २०२० मध्ये तो व्हिडिओ काढायला सांगितला. ज्याचे लोक ऐकतात त्याची जबाबदारी सामान्य माणसापेक्षा जास्त, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच महिन्यात खंडपीठाने त्या आदेशाला स्थगिती दिली. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रोटीन पावडरची प्रयोगशाळेत तपासणी करून टीका करणाऱ्यांना रोखायला अंतरिम नकार दिला. यातून आम्ही घेतो तो अर्थ असा: नुसते 'भेसळ आहे' म्हणू नका, तपासणीचा अहवाल हातात ठेवून बोला.

विकणाऱ्यांसाठीही काही गोष्टी आहेत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. दुसऱ्या राज्यातून आणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून विकली तर कैदेची तरतूद आहे, आणि फसवला जातो तो आपलाच यंत्रमाग कामगार. चटणी घरी केली तरी अन्नसुरक्षा नोंदणी लागते.

आपल्या समाजात जास्त घडणारी गोष्ट म्हणजे दुकानाच्या फलकावर चार सिंहांची राजमुद्रा. भावना समजते, पण २००५ च्या कायद्याने व्यापारासाठी तिचा वापर गुन्हा आहे. 'अशोकचक्र' आणि 'धर्मचक्र' ही नावेही १९५० च्या कायद्याच्या यादीत आहेत. पाली उच्चाराने 'धम्मचक्र' लिहिले म्हणून सुटका होईल असे गृहीत धरू नका. व्यवसायाला नाव देण्याआधी वकिलाला विचारा.

बाबासाहेबांच्या हयातीत छापलेल्या ग्रंथांचे स्वामित्व २०१६ अखेर संपले. १९५७ मध्ये आलेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या मूळ इंग्रजी मजकुराचे २०१७ अखेर संपले. परंतु 'रिडल्स' प्रथम १९८७ मध्ये छापले गेले, त्याची साठ वर्षे तिथून मोजली जातात. मराठी अनुवादाचा हक्क अनुवादकाचा किंवा प्रकाशकाचा असतो. भीमगीताचेही तसेच. गाणे समाजाचे वाटते, पण ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा कंपनीकडे असतो. जाहिरातीखाली ते लावायला परवानगी हवी.

नोटीस आलीच तर लगेच उत्तर देऊ नका, माफीचा व्हिडिओही टाकू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून जातीचा दाखला सोबत न्या. सोलापूरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. दूरध्वनी क्रमांक १५१००.