मनातले बोल यंत्राला कळतील काय?

अर्धांगवायूच्या झटक्याने वाचा गेलेला एखादा वृद्ध पेठ तालुक्यातील पाड्यावर अंथरुणाला खिळलेला असतो. त्याला सारे समजते, परंतु बोलता येत नाही. घरची माणसे त्याच्या डोळ्यांवरून अर्थ लावतात. अशा माणसाच्या मनातले बोल यंत्राने बाहेर आणले तर?

अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात जेरी टँग या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने प्राध्यापक अलेक्झांडर हूथ यांच्यासमवेत या दिशेने केलेले संशोधन मे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन व्यक्तींना एम.आर.आय. यंत्रात झोपवून प्रत्येकी सुमारे १६ तास गोष्टी ऐकवण्यात आल्या. कोणतीही शस्त्रक्रिया केली नाही. मेंदूचा जो भाग कार्यरत असतो तेथील रक्तप्रवाह वाढतो आणि यंत्र तो बदल टिपते. कोणत्या अर्थाच्या शब्दांनी कोठे बदल होतो, हे संगणक या नोंदींवरून शिकला. मग नवी गोष्ट ऐकवली असता त्याने अनेक संभाव्य वाक्ये रचली आणि ज्या वाक्याचा अपेक्षित परिणाम प्रत्यक्ष नोंदीशी अधिक जुळला, ते निवडले.

म्हणजे हे वाचन नव्हे, तर्क आहे. आपल्याकडे अजून वाहन चालविण्याचा परवाना नाही, असे निवेदिकेने म्हटले. यंत्राने सांगितले की, तिने गाडी शिकायलाही सुरुवात केलेली नाही. आशय जवळचा, शब्द निराळे.

एकाच्या मेंदूवर शिकलेले यंत्र दुसऱ्यावर चालले नाही. व्यक्तीने मनात दुसरीच गोष्ट रचली, तर ते फसले. परंतु २०२५ मध्ये याच दोघांनी नव्या व्यक्तीसाठी लागणारा सराव सुमारे एका तासावर आणला. आजची मर्यादा उद्या राहीलच असे नाही.

येथे आपल्या महाराष्ट्राचा अनुभव आठवावा. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूतील विद्युत्-लहरींची चाचणी पुराव्यात धरून शिक्षा सुनावली. त्याच वर्षी बंगळूरच्या निमहान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने अशा चाचण्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे मत दिले. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, नार्को, पॉलिग्राफ वा मेंदूची चाचणी कोणावरही त्याच्या संमतीविना लादता येणार नाही.

संमतीचा हा प्रश्न आजाऱ्याच्या खाटेपाशीही उभा राहतो. ज्याला बोलता येत नाही, त्याला नकारही शब्दांत देता येत नाही. म्हणून असे यंत्र उद्या आपल्या दवाखान्यात आले, तर ते लावण्यापूर्वी रुग्णाला विचारावे आणि त्याच्या मानेच्या वा पापणीच्या खुणेची वाट पाहावी. यंत्राने लिहिलेले वाक्यही त्याला वाचून दाखवावे व हेच तुम्हाला म्हणायचे होते काय, असे पुन्हा विचारावे. त्याने मान हलविल्यावाचून ते वाक्य त्याचे मानू नये.